एकच मालक, चार टायर

आमच्या गाडीचे चारही टायर गोटा झाले आहेत ही बाब प्रथम माझ्या निदर्शनास आणली ती माझी सून जया हिने, आणि तीही भाकरी थापताना. अशा विषयासाठी ती जागा योग्य नव्हती व वेळही योग्य नव्हती. सबब मी ती बाब ऐकून घेतली नाही. दोन महिन्यांनी हीच बाब माझा मुलगा वाल्मिक याने ओसरीवर, टोपी घालून, रीतसर मांडली, तेव्हा ती विचारार्थ घेण्यात आली.

माझे नाव दगडाबाई. माझ्या आधीची तीन भावंडे जगली नाहीत, म्हणून दैवाने या मुलीकडे लक्ष देऊ नये अशा हेतूने हे नाव ठेवले गेले. दैवाने लक्ष दिले नाही. बाकी सर्वांना द्यावे लागले. नेवासा तालुक्यातील आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची मी एकवीस वर्षे चेअरमन होते. अकरा वर्षांपूर्वी संस्थेने मला निवृत्त केले, परंतु कामकाजाची सवय निवृत्त होत नाही. आमच्या घरी आजही ठरावाशिवाय लोणच्याची नवी बरणी फुटत नाही, आणि इतिवृत्ताची वही देवघरात असते.

गाडी पांढरी आहे. नात धनश्री जन्मली त्या वर्षी ती घेतली. धनश्रीचे आता शिक्षण संपून नोकरीचे अर्ज चालू आहेत, म्हणजे गाडीचे वय वाचकांनी काढावे. ती लग्नकार्याला आणि दवाखान्याला एवढीच बाहेर पडते आणि ताशी चाळीसच्या पुढे जात नाही, कारण मी मागच्या आसनावर असते.

या गाडीसंबंधी आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. आमच्या घरातील प्रत्येक भांड्यावर नाव आहे. लग्नाच्या पंगतीत गेलेले पातेले नावामुळेच परत येते, हा माझा अनुभव. सहा वर्षांपूर्वी हे टायर घेतले तेव्हा पंक्चरवाले टायर बदलून देतात अशी वार्ता कानी आली होती. मी तत्काळ आदेश काढला. वाल्मिकने सळई तापवून पाचही टायरांच्या आतल्या बाजूला माझी अक्षरे उमटवली: द. आ. म्हणजे दगडाबाई आबासाहेब. टायरवर नाव घालणारे आमचे घर तालुक्यात एकमेव असावे. मला याचा अभिमान होता. भूतकाळ मुद्दाम वापरला आहे.

आता ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्यांच्याविषयी. माझे यजमान आबासाहेब यांचा एक डोळा आठ वर्षांपूर्वी काचबिंदूने गेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. भिंत आणि दार यांतला फरक ते हाताने ओळखत. नगरच्या डॉक्टरांनी (पाट्यांवर आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगर) श्रावणातली तारीख दिली होती आणि बजावले होते की फार उशीर झाला तर हा डोळाही हाती राहणार नाही.

एसटीने जावे असे धनश्रीने सुचवले. फाट्यावरून दर अर्ध्या तासाला बस आहे, आबांना पंचाहत्तरीनंतर तिकीटच नाही, तुलाही अर्धेच. मी तिला विचारले की चेअरमनबाईंचे यजमान डोळ्याच्या ऑपरेशनला पिशवी घेऊन फाट्यावर उभे होते, हे गावाने पाहावे काय? ती म्हणाली, "आज्जी, त्यांनाच दिसत नाही, गावाचं काय घेऊन बसलीस." ही सूचना अवमानकारक म्हणून फेटाळण्यात आली. शेजारच्या सहादेवरावांची नवी जीप मागावी, असे जया पुटपुटली. सहादेवरावांनी चेअरमनपदाच्या निवडणुकीत स्वतःच्या बहिणीला माझ्याविरुद्ध उभे केले होते. ती पडली, पण उभी राहिली होती हे मी विसरलेले नाही.

म्हणून टायर खरेदी समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी, सचिव वाल्मिक, तांत्रिक सल्लागार धनश्री (तिच्याकडे मोबाईल आहे), आणि सदस्य जया, चहासह. आबासाहेबांना समितीत घ्यावे असे वाल्मिकचे म्हणणे पडले. मी त्याला समजावले की ते लाभार्थी आहेत, आणि लाभार्थ्याला समितीत बसवण्याची पद्धत कोठेही नाही. त्याने कामाला वेग येतो व शिस्त बिघडते. आबासाहेब ओसरीच्या खांबाला टेकून हे ऐकत होते. त्यांनी हरकत घेतली नाही. लाभार्थी असा असावा.

पहिल्याच सभेत धनश्रीने मोबाईलवर टायर काढून दाखवले. स्वस्त होते, चांगले होते आणि तीन दिवसांत घरपोच होते. मी विचारले, तीन दरपत्रके कोठे आहेत? ती म्हणाली, इथे तीस आहेत. मी म्हणाले, तीस चालत नाहीत, तीन लागतात. बंद पाकिटात, सहीशिक्क्यासह. ऑनलाईन प्रस्ताव नामंजूर झाला.

अडचण अशी की आमच्या गाडीच्या मापाचे टायर आता फारसे कोणी ठेवत नाही. नेवाशात ते एकाच दुकानात मिळतात. दुकान छगन याचे. तीन दरपत्रके आणि दुकानदार एक, या पेचात श्रावण संपला आणि डॉक्टरांची तारीखही गेली. धनश्रीने फोन करून विनवण्या केल्या तेव्हा दुसरी तारीख मिळाली. ती हुकली तर थेट दिवाळीनंतर या, पण तोवर डोळ्याची हमी नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी इतिवृत्तात "तातडीचे" असा शेरा मारला आणि पुढील सभा आठवड्याने ठेवली.

त्या सभेत वाल्मिकने तीन पाकिटे सादर केली. तीन दुकानांची तीन नावे, तीन शिक्के. मी चष्मा लावून पाहिले. तिन्हींचे अक्षर एक होते, शाई एक होती, आणि तिन्ही कागद एकावर एक ठेवलेले असताना वर टेकलेल्या ओल्या कपाचे वर्तुळ तिन्हींवर त्याच जागी उतरले होते. वाल्मिकने मान खाली घातली. वास्तविक तसे करण्याचे कारण नव्हते. संस्थेसाठी दुधाचे कॅन मी एकवीस वर्षे अशाच तीन दरपत्रकांवर घेतले, आणि लेखापरीक्षकांनी त्याबद्दल दोनदा प्रशंसापत्र दिले. जे एका माणसाने तीनदा लिहिले आहे त्यात निदान एकवाक्यता असते. सर्वांत कमी दराचे पाकीट मंजूर झाले. नियम पाळला गेल्याचे समाधान मला त्या दिवशी पुरून उरले.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकने गाडी दगडांवर चढवली, चारही चाके काढली आणि टेम्पोत घालून छगनकडे नेऊन टाकली. जुने टायर परत घेऊन छगन त्यांची किंमत नव्यातून वजा करणार होता. वाल्मिक घरी पोहोचला, आणि कालनिर्णयाच्या पानावर माझी नजर गेली. पितृपक्ष लागला होता.

पितरांच्या पंधरवड्यात आमच्या घरी नवी सुईदेखील येत नाही. माझ्या सासूबाईंनी तो नियम पाळला, त्यांच्या सासूबाईंनी पाळला. ऑपरेशनची तारीख मात्र पंधरवड्याच्या सहाव्या दिवशी होती. धनश्रीने विचारले की मग ऑपरेशन कसे चालते? मी सांगितले की मोतीबिंदू काढणे म्हणजे जुनी वस्तू घराबाहेर काढणे. त्याला शास्त्राचा अडसर नाही. ती म्हणाली, डोळ्यात नवीन भिंग बसवतात. मी म्हणाले, ते डॉक्टर विकत घेतात, आपण नव्हे. या उत्तराने मी स्वतःही क्षणभर चकित झाले.

आता प्रश्न असा उरला: चाके दुकानात, गाडी दगडांवर, नवीन घ्यायचे नाहीत आणि पाच दिवसांत नगर गाठायचे. समिती दोन तास बसली. तोडगा अर्थात मीच काढला. निषिद्ध आहे ते नवीन. जुने टायर नवीन नव्हेत. तेव्हा जुने घ्यावेत. शास्त्र राहते, खर्च निम्म्यावर येतो आणि डोळाही वाचतो. ठराव एकमताने संमत झाला. जयाने हात वर केला नव्हता, परंतु तिच्या हातात परात होती.

छगनने निरोप पाठवला की तुमच्या मापाचे जुने टायर मिळणे अवघड आहे, तरी चेअरमनबाईंचा शब्द आहे, दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी तो स्वतः टेम्पोतून चार चाके घेऊन आला आणि ती अंगणात मांडली. चाके काळीभोर होती. उन्हात चमकत होती. नक्षी तर अशी खोल की बोटाचे पेर आत जावे. मी तपासणी ओसरीवरील खुर्चीतूनच करते. वाकणे हे चेअरमनचे काम नव्हे. वाकणारे वेगळे असतात.

"माल एक नंबर हाय, चेअरमनबाई," छगन म्हणाला. "एकच मालक. खानदानी घर. गाडी फकस्त लग्नकार्याला अन् दवाखान्याला. कधी वझं भरलं न्हाई, कधी पळवली न्हाई. मालकीन लई कडक. चाळीसच्या वर काटा जाऊ देत न्हाई."

मी वाल्मिककडे पाहिले. म्हटले, "ऐक. अशी माणसे आहेत म्हणून वस्तू टिकतात. कोण आहेत या बाई?"

"नाव सांगायची त्यांना आवड न्हाई," छगन अदबीने म्हणाला.

"खानदानी माणसाचे तेच लक्षण," मी म्हणाले, आणि त्या अनोळखी बाईंविषयी माझ्या मनात आदर दाटून आला. तशी बाई आमच्या संस्थेत असती तर मी तिला संचालक केले असते, असेही मी बोलले. छगनने दोन्ही हात जोडले.

एवढ्यात आबासाहेब खांबाला धरून उठले, चाचपडत अंगणात उतरले आणि एका चाकापाशी उकिडवे बसले. प्रवासाआधी चाकाला हात लावून नमस्कार करण्याची त्यांची जुनी सवय आहे. त्यांची बोटे चाकाच्या आतल्या अंगाने फिरली, थांबली, पुन्हा मागे आली.

"अगं," ते म्हणाले, "हे तर आपलेच हायेत."

छगनने टेम्पोचा फाळका लावायला घेतला.

"ह्यो बघ द. अन् ह्यो आ. बोटाला लागतंय की. पालिश भरलंय, पन लागतंय. अन् ही नक्षी कापलीय गं. गरम पात्यानं खाचा पाडल्यात. रबर उरलंच न्हाई खाली."

धनश्री पायरी उतरू लागली. मी तिला थांबवले. प्रश्न कामकाजाच्या शिस्तीचा होता. खरेदी मंजूर झालेली, मालाची तपासणी अध्यक्षांनी स्वतः केलेली, आणि हरकत घेणारी व्यक्ती समितीबाहेरची. शिवाय ज्यांना भिंत आणि दार ओळखता येत नाही, त्यांची साक्ष अक्षरांच्या बाबतीत ग्राह्य धरली तर उद्या शासन कसे चालायचे? द. आ. अशी अक्षरे असलेली दुसरीही घरे असू शकतात. दत्तात्रय आढाव असतील. मी तसे इतिवृत्तात नोंदवले: लाभार्थ्याची हरकत ऐकून घेतली, नेत्रदोषामुळे अग्राह्य.

आबासाहेब हात झटकत उठले. "बरं," ते म्हणाले, "तुला दिसतंय, म्हंजे आसंल." छप्पन वर्षांच्या संसारात त्यांनी हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. ते सहमतीचे आहे असे मी तोवर समजत होते.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वाल्मिक चालवत होता, पुढे धनश्री, मागे मी आणि पोटात अन्नाचा कण नसलेले आबासाहेब. काटा चाळीसवर होता. घोडेगाव गेले, पांढरीपूल गेला. इमामपूरच्या घाटात दुसऱ्या वळणावर मागच्या बाजूने असा आवाज झाला की पुढे चाललेल्या चाऱ्याच्या ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिले. गाडी दरीकडे झुकली, कठड्याच्या दगडाला घासली आणि थांबली. काटा चाळीसवर होता म्हणून चौघेही वाचलो. या सर्व प्रकरणात माझा एवढा एकच निर्णय बरोबर होता, आणि तो टायरांविषयी नव्हता.

स्टेपनी होती. तिच्यात हवा नव्हती. स्टेपनीतील हवा तपासण्याचा विषय मागील तीन सभांत वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला होता.

वाल्मिकने फुटलेले चाक काढून रस्त्याच्या कडेला आडवे टाकले. उन्हाने पॉलिश वितळले होते आणि घाटातील पांढरी धूळ खाचाखोचांत भरली होती. वाल्मिक बाजूला सरकला. धनश्रीही सरकली. तेव्हा मी काठी गाडीला टेकवली, गुडघ्यावर हात ठेवला आणि वाकले. बऱ्याच वर्षांनी वाकले. धुळीने भरलेली दोन अक्षरे पाटीवर खडूने लिहावीत तशी स्पष्ट होती. माझीच होती. ज्या कडक, खानदानी, शिस्तप्रिय बाईंना मी संचालक करणार होते, त्यांची माझी भेट अशी घाटात झाली.

आबासाहेब कठड्यावर बसून होते. त्यांनी विचारले, "किती वाजले?" दुसरे काही विचारले नाही. डॉक्टरांची वेळ दहाची होती आणि नऊ वाजून गेले होते. उत्तर ऐकून ते कठड्याचा दगड चाचपू लागले. ते मी पाहिले, आणि त्याची नोंद कोठेही केली नाही.

तेवढ्यात एसटी आली. धनश्री रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. वाल्मिकला गाडीपाशी ठेवून आम्ही चढलो; बस भरलेली होती. पुढच्याच आसनावर खिडकीशी सहादेवराव बसले होते. त्यांची नवी जीप घरी सुखरूप होती आणि नगरला ते बसनेच जातात, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी उठून आबासाहेबांना खिडकी दिली. मला वाटले, आता हे बोलतील. ते फक्त म्हणाले, "वैनी, तुमी बी बसा. उभ्यानं पाय दुखत्याल." मी नगरपर्यंत उभी राहिले. कंडक्टरने आबासाहेबांचे कार्ड पाहिले, मला अर्धे तिकीट दिले, आणि दहाला सात मिनिटे कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. टायरांचा पूर्ण प्रकल्प वगळला असता तर श्रावणातच पोहोचलो असतो.

ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर उभी होते. आबासाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"अगं," ते म्हणाले, "तुजी बी नक्षी गेली की."

नर्सबाई हसल्या. मी हसले नाही, परंतु हरकतही घेतली नाही. त्यांची साक्ष आता ग्राह्य होती.

परतल्यावर छगनला बोलावणे धाडले. तो आला, अंगणात हात बांधून उभा राहिला. मी त्याला विचारले की आमचेच टायर खाचा पाडून आम्हालाच विकताना लाज वाटली नाही का? तो शांतपणे म्हणाला, "चेअरमनबाई, मी एक तरी शब्द खोटा बोललो का? एकच मालक म्हनलो. खानदानी म्हनलो. मालकीन कडक म्हनलो. तुमाला पटलं न्हाई का तवा?" मग पुढे म्हणाला, "तीन कागदं बी म्याच लिवली होती. ती तर तुमी चष्मा लावून बघितली."

याचे उत्तर शोधायला मी चष्मा लावला. इतिवृत्ताची वही उघडून पाहिली; तीत ते नव्हते.

पंधरवडा सरला. दसऱ्याला चार नवे टायर आले, या वेळी धनश्रीच्या मोबाईलवरून, एका दरपत्रकावर, तिसऱ्या दिवशी घरपोच. चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. आबासाहेबांनी नव्या डोळ्याने टायरावरचा प्रत्येक आकडा वाचून काढला. फुटलेला टायर विहिरीच्या रहाटाशी पडला. बाकी तीन उरले. ते कापून टाकावेत असे आबासाहेबांचे मत पडले. जयाचेही पडले, आणि या खेपेस तिच्या हातात परात नव्हती.

परंतु छगन आला होता. अशा टायरांना दुसरीकडे कोणी हात लावला नसता. तो बरा भाव देत होता. मी ठराव मांडला: सदर टायरांची विल्हेवाट प्रचलित पद्धतीनुसार लावावी. आबासाहेब माझ्याकडे बघत राहिले. नव्या डोळ्याचे हे एक दुखणे आहे, त्याला सगळे दिसते. ते म्हणाले, "निदान त्यावरलं तुजं नाव तरी घासून टाक." मी सांगितले की आमच्या घरी एकदा घातलेले नाव काढत नाहीत. छगन तीन टायर टेम्पोत घालून गेला. त्यांचे पुढे काय होणार हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मला सगळे माहीत होते.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कोणी गेल्या काही महिन्यांत आमच्या जिल्ह्यात जुने टायर घेतले असतील. एकच मालक, खानदानी घर, कडक मालकीणबाई असे ऐकून समाधानाने मान डोलावली असेल, आणि किती स्वस्तात मिळाले हे शेजाऱ्यांना दोनदा सांगितलेही असेल. त्यांनी एवढेच करावे. अंगणात जावे, खाली वाकावे आणि चाकाच्या आतल्या अंगाने बोट फिरवावे.

वाकणे आपल्या इतमामात बसत नसेल, तर हरकत नाही. अध्यक्ष मी आहेच. पण आमच्या समितीवर सदस्याची एक जागा रिकामी आहे. जयाने राजीनामा दिला.